तीस दिवसांचा कोर्स

बापलेकाचं ते भांडण मी काही कान लावून ऐकलं नव्हतं. आमच्या घराची छपरी आणि उदाराम फोटोवाल्याचं दुकान यांच्यामध्ये एकच भिंत, तीही अशी पातळ की तिकडे कोणी शिंकलं तर इकडे मी कामाला निघालेली थांबून जायची.

तीसेक वर्षांखालची गोष्ट. उदाराम तेव्हा मेलेल्यांचे डोळे उघडायचा. त्या काळी कितीक माणसं एकही फोटो न काढता मरून जायची. मग घरचे लोक मयताला भिंतीशी टेकवून बसवायचे आणि आमच्या अर्जुनीला उदारामकडे बोलावणं यायचं. फोटो निघायचा, पण डोळे मिटलेले. ते उदाराम बारीक ब्रशनं उघडे करून द्यायचा, तेरवीच्या आत. तेराव्या दिवशी माळ घालायला फ्रेम तयार.

त्या दिवशी देवचंद बापाला म्हणत होता, "बाबा, तुमी उघडलेले सारे डोये एकसारखे रायतेत. साऱ्या तालुक्यातले मेलेले तुमच्याच डोयानं पाहून रायले."

"मंग? मले दुसऱ्याचे डोये कुठून मालूम? आरशात दिसतेत तेच काढतो."

"आता कॉम्पुटर आला. ज्याचे त्याले डोये लावता येतेत."

"लाव. पण आयक. मले गोंदियाच्या उस्तादनं मनगट धरून शिकवलं, मी तुले मनगट धरून शिकवलं. हे जे तू शिकून रायला, ते मनगट धरून शिकवता येनार नाइ. तुह्यासंगच जाईन ते."

बापाचं तोंड, त्यातून असं काही निघालं की घरच्यांना उगाच भीती वाटते. माझे सासरे आमच्या भिंतीवर अजून उदारामच्याच डोळ्यांनी बघतात. खरं सांगायचं तर जिवंतपणी त्यांनी माझ्याकडे इतक्या मायेनं कधी पाहिलं नव्हतं.

उदाराम गेला, दुकान देवचंदचं झालं. सडपातळ माणूस, खिशात सदा एक कंगवा. गिऱ्हाईक बसलं की पहिले त्याचे केस विंचरणार, मग म्हणणार, "हसू नका, पण हसल्यासारखं करा." आमच्या कोहळी समाजाच्या लग्नातले निम्मे लोक त्याच्या फोटोत असे पोट दुखल्यासारखे दिसतात. पुढं मोबाइल आले. लग्नाचं काम गोंदियाच्या पोरांनी नेलं, ते तर वरून उडणारा कॅमेरा आणतात. पासपोर्टचे फोटो समोरच्या कॉम्पुटरवाल्याकडे गेले. देवचंदजवळ राहिलं फक्त तेरवीचं काम. "काकी," तो मला म्हणायचा, "मेलेले सेल्फी काढत नाइत म्हून माहं दुकान चालू आहे."

कॉम्पुटरवरचं काम मात्र त्याच्यासारखं कोणाचं नव्हतं. लग्नातल्या घोळक्यातून म्हातारीचं तेवढं तोंड उचलावं, मागं निळं आभाळ द्यावं, पदर नीट करावा, आणि घरच्यांनी पाहून रडावं. कोणापाशी शिकला नव्हता. गोंदियाच्या एका लॅबमध्ये मागं उभा राहून बघून-बघून शिकला. म्हणूनच त्याला शिकवता येत नव्हतं. पोरगी सोनू बी.ए. होऊन घरी बसली, तिला तो समोर बसवायचा.

"असं कर."

"असं म्हंजे कसं, बाबा?"

"असं." आणि हात सर्रकन फिरवायचा. पोरगी बघत राहायची, भिंतीमागं मीही.

मागच्या दिवाळीला तळ्याची पाळ चढताना देवचंदला धाप लागली आणि तो तिथंच बसला. नागपूरच्या डॉक्टरनं सांगितलं, दिल मोठा झाला, काम मात्र चौथाईच करतो. चढू नका, उन्हात फिरू नका, गोळ्या घ्या. आणि किती दिवस? तर ते सांगता येत नाही. देवचंद घरी आला आणि हसत म्हणाला, "डॉक्टर म्हणते माहा दिल मोठा झाला." त्याची बायको गीता चुलीजवळून म्हणाली, "एवढ्या वर्षांत मले तं दिसला नाइ." म्हणाली आणि तिथंच तोंडात पदर कोंबून बसली.

"पोरीले सांगू नोका," तो आम्हा दोघींना म्हणाला. "तिच्या हातात काम आलं का मंग पाहू."

म्हणून तो फोटोच्या कामाचा कोर्स. मोबाइलवर घरी बसून शिकायचा. दुकानात नेटवर्क येत नाही, ते येतं माझ्या छपरीत, पिंपाजवळच्या कोपऱ्यात. तर बापलेक तिथं मोबाइल घेऊन बसायचे आणि मी सुपात तांदूळ घेऊन.

पहिला होता एक हिंदी बोलणारा पोरगा. इतका भरभर बोलायचा की मला वाटलं याची एसटी सुटते. तीस दिवसांत मास्टर बना म्हणत होता. त्याच्या तोंडाखाली लाल घड्याळ होतं, उलटं चालणारं. सोनू म्हणाली, "आजी, हे ऑफर आज रात्री बारा वाजता संपते." उलटं चालणारं घड्याळ मी पहिल्यांदा पाहिलं. देवचंदसमोर ते बरं वाटलं नाही मला. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर तेच घड्याळ, पुन्हा तेवढेच तास घेऊन बसलेलं. म्हटलं, याचं बरं आहे, हा रोज मरतो आणि रोज उठतो.

दुसरी होती इंग्रजी बोलणारी गोरी बाई. फार मऊ बोलायची. मला एक अक्षर समजलं नाही, पण ती कोणावर रागावत नाही एवढं समजलं. सोनू म्हणाली, "चांगली आहे, पण मले हिचं बोलनं पळूनच जाते." फुकटचे व्हिडिओ तर शेकड्यांनी होते. कोणता आधी, कोणता नंतर, काही पत्ता नाही. देवचंद म्हणाला, "हे म्हंजे भात आधी का रोवणी आधी, असं होईन."

मग नागपूरचा एक मास्तर सापडला. मराठीत शिकवणारा, दर रविवारी समोरासमोर, दिलेलं काम तपासून परत देणारा. देवचंदनं त्याला सरळ फोन लावला.

"गुरुजी, एक विचारतो. लग्नाच्या फोटोत बुडी मागं उभी आहे. अर्ध्या तोंडावर व्याह्याचा फेटा आला. तं बाकीचं तोंड कुठून आणाचं?"

तिकडून आवाज आला, "आणायचं नाही. घरच्यांना विचारायचं, दुसरा फोटो शोधायचा. तोंड आपल्या मनानं बनवू नये."

देवचंदनं माझ्याकडे असं पाहिलं की बस, सोयरीक जमली. "हा मास्तर खरा आहे," मोबाइलवर हात ठेवून म्हणाला. मग विचारलं, "किती दिवसाचा कोर्स आहे जी?"

"सहा महिने."

देवचंद बोटांच्या पेरांवर मोजायला लागला. चैत्र, वैशाख, जेठ... आखाडापाशी अंगठा थांबला. "बरं जी, कळवतो," म्हणून त्यानं फोन ठेवला.

"सोनू, तो तीस दिवसांवाला लाव."

"काऊन? आत्ताच तं म्हटलं तुमी, हा मास्तर खरा आहे म्हून!"

"लाव म्हटलं ना."

सोनू थोडा वेळ बापाकडे पाहत राहिली. मला वाटलं, आता ही भांडते. पण तिनं मान खाली घातली आणि बटन दाबलं. वाचून म्हणाली, "हे एकदा घेतलं का जिंदगीभर कवाही पाहता येते म्हणते."

"कोनाच्या जिंदगीभर?" देवचंद म्हणाला, आणि एकटाच हसला. मी सुपातले खडे शोधत राहिली.

कोर्स सुरू झाला. पहिलाच धडा तोंड साफ करण्याचा. दाग-धब्बे हटाओ, एक बटन, झालं. आणि घरचा अभ्यास म्हणून दहा ओळखीच्या माणसांचे चेहरे साफ करून आणा.

सोनूनं पहिला चेहरा घेतला खुशाल टेलरचा. नवव्या दिवशी खुशाल मेला. आता खुशाल अठ्ठ्याऐंशीचा होता, यमाची गाडी तीन वर्षं त्याच्या दारात चालू करून उभी होती. पण लोकांना कोण सांगणार? उदारामच्या घरची पोरगी, तेरवीचं दुकान, आणि तिनं जित्या माणसाचा फोटो निळ्या आभाळावर लावला! बसस्टँडवर गोष्ट फिरली. सोनू मोबाइल घेऊन दिसली की बायका तोंडावर पदर ओढायच्या. चहावाला तर हात जोडून म्हणाला, "बाई, माहा नोको काढू, माही लेकरं लहान आहेत."

मी म्हटलं, "माझा घे ग. माझी लेकरं म्हातारी झाली."

तिनं घेतला आणि संध्याकाळी मला दाखवला. अगं बाई! सुरकुत्या अर्ध्या, तोंड उजळ, गालावर डाग नाही. सुनेनं पाहिला, शेजारणींनी पाहिला, म्हणाल्या, लग्नातली दिसता. मीही लाजली. हनुवटीवर माझे तीन ठिपके आहेत, गोंदणाचे, नऊ वर्षांची असताना मंडईच्या जत्रेत गोंदलेले. फोटोत ते नव्हते. ते मला दिसलंच नाही, असं मी आजवर सांगत आली. आता या वयात खोटं कशाला लिहू? दिसलं होतं. पण तोंड इतकं छान दिसत होतं, म्हटलं, जाऊ दे.

देवचंदनं पाहिला असता तर त्यानं पकडलं असतं. पण तो तेव्हा पडून होता. गीता सगळ्यांना सांगायची, ताप आहे. भिंतीतून मला त्याची धाप ऐकू यायची, ताप काही ऐकू यायचा नाही.

दहावा चेहरा सोनूला कोणी देईना. त्या दिवशी देवचंद उठला, कंगव्यानं केस विंचरले आणि स्टुलावर जाऊन बसला. "माहा घे."

गीता आतून धावत आली. "उठा! उठा म्हणते ना तिथून!"

"अवं, पासपोर्टचा फोटो समज."

"कुठं जाता पासपोर्ट घेऊन?"

तो पोरीला एवढंच म्हणाला, "मागं निळाच ठेव."

पंचविसाव्या धड्याला सोनूच्या हाती पहिलं खरं काम आलं. कोहमाऱ्याच्या अलीकडे एक पोवारांचं गाव आहे, तिथला झामसिंग. त्याची माय दुलारीबाई गेली होती. फोटो एकच, नातवाच्या लग्नातला. सोनूनं एकटीनं केला, बापाला उठवलं नाही. फ्रेम बांधून एसटीच्या कंडक्टरजवळ दिली. गावाच्या फाट्यावर उतरवून घेतली त्यांनी.

माय गेल्यापासून अकराव्या दिवशी भर दुपारी झामसिंग मोटरसायकलवर आला. मुंडण केलेलं डोकं, त्यावर गमछा, काखेत फ्रेम. दुकानात टेबलावर उताणी ठेवली.

"देवचंदभाऊ, हे कोन होय?"

देवचंद खाटेवरून उठून आला होता. त्यानं वाकून पाहिलं आणि तो तसाच वाकलेला राहिला.

"माय होय ना तुमची," सोनू म्हणाली.

"माही माय? माह्या मायच्या हनुवटीवर पाच ठिपके होते अना कपायावर चंद्रकोर. कुठं गेले? माही पोरगी म्हणते, बाबा, हे कोनती बाई आनली घरात! भिंतीवर टांगली तं लेकरं तिथं जेवाले बसत नाइत!"

"कोर्समंदी सांगतेत डाग काढा म्हून..." सोनूचा आवाज बारीक झाला.

"डाग?" झामसिंग ओरडला. "अवं पोरी, सोनं-चांदी सारं इथं रायते. मेलेल्या बाईसंग एक गोंदन तेवढं वरतं जाते. तू तेच पुसलं! आता देवाच्या दारात तिले ओयखन कोन? परवा तेरवी आहे. हे पाहुण्यायले दाखवू? साऱ्या पोवारात सांगतो मी, अर्जुनीच्या दुकानात जाऊ नोका, तिथं मेलेल्याचं तोंड बदलवून देतेत!"

भिंतीच्या अलीकडे माझा हात माझ्या हनुवटीवर गेला.

देवचंदनं झामसिंगच्या पायाला हात लावला. दुकान बुडालं तर पोरीच्या हातात काय द्यायचं, हा एकच घोर त्याच्या तोंडावर होता. म्हणाला, "तेरवीच्या सकाळी माय घरी येईन. तिच्याच तोंडानं येईन. जा तुमी."

लग्नाच्या फोटोत गोंदण नुसतं काळसर पुसट होतं. किती ठिपके, कुठं, काही लागेना. सोनूनं सारे धडे उलटेपालटे करून पाहिले. पुसायचे बारा प्रकार होते, परत लावायचा एकही नव्हता. मी छपरीतून म्हटलं, "माझे ठिपके घे, बाई. एकाच मंडईतली गोंदणारी असेल."

"नाइ काकी," देवचंद म्हणाला. "एकाचं दुसऱ्याले लावाचं नाइ. चाल सोनू."

गीतानं दार अडवलं. बाहेर वैशाख पेटला होता. देवचंद तिच्या बाजूनं निघून गेला. दोनची एसटी, मग फाट्यापासून दीड मैल पायी. पुढचं मला सोनूनं सांगितलं. दर झाडाखाली बाप थांबायचा आणि म्हणायचा, "सावली चांगली आहे नाइ?"

दुलारीबाईची लहान बहीण तेरवीसाठी तिथंच आलेली होती, ऐंशीची म्हातारी. देवचंदनं तिला विचारलं. ती उठली. दुलारीबाईनं जिथं जीव सोडला तिथं कोपऱ्यात दिवा लावून ठेवला होता, पिठावर. त्या दिव्याची काजळी तिनं झाडूच्या काडीनं घेतली आणि सोनूची हनुवटी वर केली.

"हालू नोको, पोरी. हा एक, मधात. हे दोन अलीकडे, एक पलीकडे. अना हा शेवटचा जरासा खाली. दुलारी रडून हालली होती ना, गोंदनारीनं तिले थापड मारली होती." म्हातारी हसली. मग कपाळावर कोर काढली, आणि सोनूच्या तोंडाकडे बघता-बघता तिचं हसणं बंद झालं. "दुलारी," म्हणाली. बस, एवढंच. बाकीच्या बायका उठून बाहेर गेल्या.

सोनूनं मोबाइलवर स्वतःचा फोटो काढला, माप म्हणून. देवचंदनं तो पाहिला आणि लगेच नजर वळवली.

परतीला फाट्यावर एसटीची वाट बघताना त्याची धाप थांबेना. सोनूनं त्याचं मनगट धरलं.

"बाबा, मले सारं मालूम आहे. दवाखान्याच्या सरकारी योजनेच्या फारमासाठी नागपूरची फाइल मीच स्कॅन केली होती."

"मंग बोलली काऊन नाइ?"

"तुमी तीस दिवस म्हटलं ना. मी मोजले तुमचे पेर."

मग देवचंद म्हणाला, "त्या नागपूरच्या मास्तरले फोन लाव."

"सहा महिन्याचा आहे तो."

"मालूम आहे किती महिन्याचा आहे. तुले शिकाचं आहे, मले नाइ. लाव."

त्या फाट्यावरूनच तिचं नाव त्या कोर्सात घातलं गेलं. घरी आली तेव्हा काजळी तशीच होती तोंडावर. गीता तिला पाहून किंचाळली.

बाराव्या दिवशी सकाळपासून सोनू कॉम्पुटरसमोर. देवचंद मागं खाटेवर. या खेपेला "असं कर" नाही. ती विचारायची, "हा ठिपका जास्त काया झाला का?" तो म्हणायचा, "जुनं गोंदन हिरवं पडते. काकी, या जरा इकडे." मी गेली आणि हनुवटी वर करून बसली, रंग बघायला म्हणून. दुपारपर्यंत दुलारीबाई तिच्या तोंडानं परत आली. सुरकुत्यांसकट, आणि शेवटचा ठिपका जरा खाली. सोनूनं माझाही फोटो काढून नीट करते म्हटलं. मी म्हटलं, पहिले तुझ्या बापाला झोपू दे.

तेराव्याला सकाळी सातची एसटी. सोनू म्हणाली, मी जाते. गीता म्हणाली, झामसिंगले फोन करा, तो गाडी आणन. देवचंदनं ऐकलं नाही. धुतलेला सदरा घातला, कंगवा खिशात टाकला. माझ्या छपरीसमोरून गेला तेव्हा रोजच्यासारखं म्हणाला, "काकी, दुकानाकडे लक्ष ठेवा जी." मी म्हटलं, हो. ती त्याची शेवटची फेरी होती, तिथून तो परतला नाही. सांगायचं तर मी उठून छपरीच्या कडेपर्यंत आली, पण निघालेल्या माणसाला मागून हाक मारत नाहीत. मी मारली नाही.

झामसिंग सांगत होता, देवचंद नेहमीसारखाच आला. फ्रेम कागदात गुंडाळलेली, सुतळीनं बांधलेली, काचेची बाजू छातीकडे. मयताचा चेहरा रस्त्यानं उघडा नेत नाहीत. खिळा तो आपलाच आणायचा. भिंतीवर बोटानं ठोकून आवाज ऐकला, तीन टोल्यांत खिळा बसवला, फ्रेम टांगली, मागं सरून एक डोळा मिटून पाहिलं, मग डावी बाजू करंगळीभर वर केली. काच गमछ्यानं पुसली. घरच्या लेकरांना पुढं बोलावलं आणि स्वतः बाजूला झाला. लेकरं फोटोखाली जेवायला बसली. दुलारीबाईची बहीण उठून फोटोजवळ गेली आणि शेवटच्या ठिपक्यावर बोट ठेवून उभी राहिली.

झामसिंगनं जेवून जा म्हटलं. देवचंद फक्त पाणी प्याला. कागद घडी करून, सुतळी बोटांभोवती गुंडाळून त्यानं पिशवीत ठेवली. तेरवीच्या घरून निघताना "येतो" म्हणत नाहीत. त्यानंही म्हटलं नाही. फोटोला हात जोडले, चपला घातल्या आणि फाट्याच्या वाटेला लागला. दहाच्या एसटीला अजून वेळ होता.